झोपवलेलं मशीन

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली, बाबांच्या हाताखालून माऊस अलगद काढून घेतला आणि पडद्यावरच्या खिडक्या एकेक करून मिटायला लागली.

"अगं थांब, त्याला आधी झोपवू दे," बाबा म्हणाले.

"बंदच करा ना सरळ."

"बंद केलं की सगळी मांडामांड पहिल्यापासून. झोपवलं की जिथल्या तिथे सापडतं. बेकरीवाल्या बाईंचं माप अजून पुरतं लिहून झालेलं नाही."

तो म्हणजे बाबांच्या कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर. बाबा कृत्रिम पाय बनवायचे. उरलेला पाय ज्या साच्यात बसतो त्याची मापं ठेवणारा त्यांचा प्रोग्रॅम फार जुना होता. तो बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला होता आणि नव्या कुठल्याच सिस्टीमवर तो चालायला तयार नव्हता. म्हणून एक खास सॉफ्टवेअर घालून बाबांनी एका खिडकीत वीस वर्षांपूर्वीचं अख्खं मशीन थाटलं होतं. जुना निळा पडदा, जुनी बटणं, कोपऱ्यात घड्याळ. कामाच्या मध्येच उठायचं झालं की ते त्या मशीनला झोपवत आणि परत आले की उठवत.

त्यांनी दोन बोटांनी आणखी काहीतरी टंकलं, स्वतःशीच मान हलवली आणि मग मशीन झोपवलं.

"घे. कर काय करायचंय ते. पण मी सांगतो, याची गरज नव्हती."

"बाबा, किती महिने झाले अपग्रेड करा म्हणतंय ते. हे धोक्याचं असतं."

"मला काय धोका? माझ्याकडून कोण काय चोरणार, पाय?"

ती हसली नाही. नवी सिस्टीम चढायला दीड तास गेला. तेवढ्या वेळात बाबांनी दोनदा चहा केला आणि कामाच्या टेबलावरचा प्लास्टरचा चुरा उगाचच पुसून काढला. पावणेसहाला कॉम्प्युटर झकपक होऊन उभा राहिला. बाबांनी नेहमीच्या चित्रावर टिचकी मारली. पडद्यावर करडी पट्टी आली. हे सॉफ्टवेअर या सिस्टीमवर चालू शकत नाही.

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"नवीन व्हर्जन टाकावं लागेल, एवढंच," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी येते आणि टाकून देते."

"आत्ता नाही होणार? जरा बघ ना. मी भात टाकतो."

तिने मोबाइल उचलला, बघितला आणि पालथा ठेवला.

"सहाला ऑफिसचा फोन आहे, बाबा."

"मग नीघ," ते म्हणाले. "कामाचं आधी."

गुरुवारी सकाळी, वर्कशॉपचं कुलूप उघडता उघडता, बाबा गेले.

*

बाबा गेल्यानंतरचा आज तिसरा शनिवार. ती सकाळी दहापासून त्याच खुर्चीत बसली होती आणि जोडीदारकाकांचा तिसरा फोन वाजत होता. काका आणि बाबांनी सत्तावीस वर्षं एका छताखाली पाय बनवले होते. मापं बाबांची, साचा काकांचा.

"झालं का गं काही?"

"बघतेय, काका."

"घाई करत नाही. पण बाई काल पुन्हा येऊन गेल्या. जुना साचा आता पायात जात नाही. भट्टीपुढे कुबड्यांवर उभ्या असतात. मी म्हटलं मी नव्याने मापं घेतो. घेईनही. पण कुठे दाबलेलं चालतं आणि कुठे ढिलं सोडायचं, हे तुझ्या बाबाने चार रविवार बोटांनी चाचपून ठरवलं होतं. ती बोटं मी कुठून आणू?"

"त्यांनी कुठे कागदावर लिहिलं नव्हतं?"

"तो आणि कागद? सगळं त्या शेऱ्याच्या चौकटीत लिहायचा. पायाबद्दल चार ओळी आणि हवामानाबद्दल आठ."

तिने फोन ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे वळली. एव्हाना तिने जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं होतं. सिस्टीमने ते अडवलं होतं. परवानगीचं बटण सेटिंग्जच्या कुठल्या तरी तळघरात सापडलं होतं, तेही अर्धा तासच दिसतं हे कळेपर्यंत एकदा नाहीसं झालं होतं. पुन्हा सगळं करून, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करून, शेवटी खिडकी उघडली. यादीत बाबांचं मशीन दिसलं. नावापुढे लिहिलं होतं, झोपलेलं.

तिने ते उठवायला बटण दाबलं.

ही अवस्था जुन्या व्हर्जनमध्ये जतन केलेली आहे. ती पुन्हा सुरू करता येत नाही. खाली दोन बटणं होती. एक, रद्द करा. दुसरं, जतन केलेली अवस्था टाकून द्या.

तिने ऑफिसातल्या सिस्टीमवाल्याला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"टाकून दे ना मग. मशीन नव्याने सुरू होईल. जे सेव्ह केलंय ते कुठे जात नाही."

"आणि जे केलं नसेल?"

"ते जाईल."

"त्यांनी केलं नसेल. म्हणून तर झोपवलं."

"मग हात लावू नकोस. असं मशीन ज्या व्हर्जनमध्ये झोपलं त्यातच उठतं. ते व्हर्जन पाहिजे आणि ते चालेल अशी जुनी सिस्टीम पाहिजे. शिवाय कॉम्प्युटरही साधारण तसाच लागेल. आहे कुठे?"

तिची नजर जमिनीवर ठेवलेल्या स्वतःच्या बॅगेवर होती. बॅगेत तिचा लॅपटॉप होता. बाबांचा आणि तिचा, दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले, बाबांनी दुकानदाराला जेरीला आणून. त्या लॅपटॉपवरही अपग्रेडचा तोच निरोप गेले पाच महिने रोज येत होता आणि रोज ती ‘उद्या आठवण करा’ दाबत होती.

"आहे," ती म्हणाली.

जुनं व्हर्जन बाबांच्या खणात सापडलं. पेनड्राइव्हला डॉक्टरी चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: चालतंय. हात लावू नये.

ते तिने आपल्या लॅपटॉपवर घातलं. मग मशीनची फाइल तिथे उतरवायला तिला चाळीस मिनिटं लागली. ती पट्टी पुढे सरकताना बघत राहिली. एकदा उठून ओट्याजवळ गेली, पाणी न पिताच परत आली. ऐंशी टक्क्यांवर पट्टी थांबली. कुठे हात लागायला नको म्हणून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, लहानपणी वर्कशॉपमध्ये बसायची तशी. पट्टी हलली.

तिने मूळ फाइल जागेवर आहे ना, ते तपासलं. पुन्हा एकदा तपासलं. मग लॅपटॉपवर बटण दाबलं.

काळा पडदा. बराच वेळ काळा पडदा. मग डोळा उघडावा तसा एकदम निळा रंग आला, आणि बाबा उठून चहा करायला गेले असावेत तसं सगळं समोर उघडं होतं. बेकरीवाल्या बाईंचं पान. मापांचे रकाने भरलेले, शेवटचा एक मोकळा. खाली शेऱ्याची चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी उभी रेघ.

तिने आधी सेव्ह केलं. मग काकांना फोन लावून शेरा वाचून दाखवला.

"डावीकडे हाडाजवळ तीन मिलिमीटर ढिलं. मागे दाब चालेल, पुढे अजिबात नाही. बाई दुखलं तरी सांगत नाहीत, चेहरा बघावा. शेवटचं माप मागच्यासारखंच धरावं."

पलीकडे काकांनी कागदावर लिहिल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"बास," ते म्हणाले. "होतं माझं एवढ्यात. सोमवारी बोलावतो बाईंना. आणखी काही लिहिलंय का?"

"हवामान," ती म्हणाली.

"असणारच," काका म्हणाले. त्यांनी नाक शिंकरलं आणि फोन ठेवला.

हवामान नव्हतं. एक ओळ सोडून बाबांनी लिहिलं होतं:

मुलगी आली आहे. नवी सिस्टीम टाकणार म्हणते. काहीतरी अडेल असं वाटतं. अडलं तर जेवायला थांबेल.

कोपऱ्यातल्या घड्याळाला मधले दिवस कुणी सांगितलेच नव्हते. ते जिथे झोपलं होतं तिथूनच पुढे चालायला लागलं होतं. रविवार, चार वाजून अठरा मिनिटं. ती बघत असताना एकोणीस झाली. सहा वाजायला अजून बराच वेळ होता.

तिने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मला सहाचा फोन नव्हता, बाबा," ती म्हणाली. "मला कुठेच जायचं नव्हतं."