फुली वर, गोल खाली

देवळाली कॅम्पातल्या कुणा मेजरसाहेबांची बदली झाली आणि त्यांचा बिघडलेला मायक्रोवेव्ह ओव्हन भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जयराम पगारेच्या घरी आला. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नाशिकरोडच्या त्या कॉलनीत तोवर चालू ओव्हन कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे हा बिघडलेला आहे हे सांगावं लागत होतं.

जयराम वीज खात्यातून निवृत्त झालेला. उभ्या नोकरीत त्याने मीटरना शिशाची सीलं ठोकली. घरातली प्रत्येक वस्तू त्याने एकदा तरी दुरुस्त केली होती आणि त्यानंतर त्याच्या बायकोने, बायडाबाईने, नवी आणली होती.

"तुमी हात लावला का वस्तू जीव सोडती," असं ती म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी तिनेच जीव सोडला, तेव्हा जयरामचा हात तिच्या हातात होता.

जाता जाता ती एवढंच म्हणाली, "काळीचा वंश बुडू देऊ नका."

काळी म्हणजे कोंबडी. चांदवडहून लग्नात बायडाबाईबरोबर जी आली, तिच्या नाती-पणतींमधली ही शेवटची. जयरामने हो म्हटलं. बायकोला बिनशर्त हो म्हणण्याची बत्तीस वर्षांतली ती पहिलीच वेळ.

ओव्हन काही दुरुस्त झाला नाही. आतली मुख्य नळी जळली होती आणि ती मुंबईतही मिळेना. शेवटी जयरामने सगळी आतडी काढून टाकली. उरलं ते खोकं: जाड भिंती, घट्ट दार, दाराला काळी काच. त्यात काय ठेवावं या विचारात तो असतानाच मुंगसाने काळीला नेलं. मागे नऊ अंडी राहिली, अजून कोमट.

"भागीबाईची कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली ठेवा की," शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या.

"कोंबडीला थर्मामीटर कळतो का?" जयराम म्हणाला.

त्याने ओव्हनमध्ये चाळीसचा बल्ब लावला, वाटीभर पाणी ठेवलं, आणि तापाचा थर्मामीटर अंड्यांच्या कुशीत सारला. शंभराला अर्धा कमी, बरोबर. अंडी दिवसातून तीनदा उलटायची असतात, एवढं त्याला माहीत होतं. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका अंगाला फुली काढली, दुसऱ्या अंगाला गोल.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने फुली वर करून दार लावलं. दुपारी उघडलं तर नऊच्या नऊ गोल वर.

आपणच विसरलो असू, असं म्हणून त्याने ती पुन्हा उलटली. संध्याकाळी पाहतो तर परत तेच.

भुताखेतांवर विश्वास ठेवणं त्याने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं, त्यामुळे हे कुणाचं तरी काम आहे हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फुली वर केली, पेटीतून सील ठोकायची जुनी पक्कड काढली, दाराला तार गुंडाळली आणि शिशाचं सील ठोकलं. सील न तोडता मीटर उलटे फिरवणारी माणसं त्याने नोकरीत ढिगाने पाहिली होती, पण त्यात शेवटी कुणीतरी सापडायचंच.

दुपारी सील जसंच्या तसं होतं. काचेतून आत पाहिलं तर नऊ गोल, ओळीने, त्याच्याकडे बघत होते. तार कापून दार उघडलं तेव्हा आतून मशेरीचा वास आला.

बायडाबाई मशेरी लावायची. दात घासून झाले की तेच काळं बोट घेऊन ती काळीच्या पाटीपाशी जायची. एकेक अंडं उन्हाकडे धरून बघायची आणि जे नासकं असेल त्यावर बोट टेकवायची. "हे उठायचं नाय," म्हणायची. त्या ठिपक्याचं अंडं कधीच उठलं नाही.

जयराम स्टुलावर बसला. डोक्यात हिशेब चालू होता. ती उलटणार, मग आपण उलटणार, म्हणजे अंडी होती त्याच अंगावर राहणार. संसारही याच पद्धतीने केला होता. पण तेव्हा त्यात कुणाचं पिल्लू मरत नव्हतं.

"बरं," तो रिकाम्या खोलीत म्हणाला, "तू फिरव. मी बल्बाचं बघतो."

त्यानंतर त्याने अंड्यांना हात लावला नाही. सकाळी फुली असायची, दुपारी गोल, संध्याकाळी फुली, दुसऱ्या सकाळी गोल. बाराव्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली ती दुपारी चारला आली. जयरामने गोधड्या पांघरल्या, खोक्याला मिठी मारून बसला, आणि चारला थर्मामीटर काढला. झटकून पुन्हा लावला. शंभराला अर्धा कमी. गोधडीच्या आतल्या बाजूला, त्याचे हात नव्हते तिथे, दोन हातांएवढी ऊब होती.

अठराव्या दिवशी अंडी फिरायची थांबली. फुली वर ती वरच. जयराम घाबरला, पण मग त्याला तीन अंड्यांवर काळं बोट उमटलेलं दिसलं: तिची पारख करून झाली होती.

एकविसाव्या दिवशी सहा अंडी फुटली. सहाही पिल्लं काळी, सहाही भांडकुदळ. उरलेली तीन त्याने परसात नेऊन फोडली आणि नाक दाबून परत आला.

"बघ," तो ओव्हनला म्हणाला, "माझ्या हातून एक तरी वस्तू जिवंत निघाली."

जेवण करून तो तिथेच खुर्चीत लवंडला. चारच्या सुमाराला जाग आली ती मशेरीच्या वासाने. समोर ओव्हनची काळी काच होती आणि काचेत त्याचा चेहरा. कपाळाच्या मधोमध एक ठिपका होता, बोटाएवढा, काळा.

तो हळूहळू उठला, पिल्लं टोपलीत भरली, कण्यांचा डबा घेतला आणि सुलाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ही तुम्ही सांभाळायची. पाणी उथळ ताटलीत द्या, नाहीतर बुडतात. मुंगूस येतं, तेव्हा संध्याकाळी पाटीखाली झाका. आणि यांचा वंश मोडू देऊ नका."

"अहो जयरामभाऊ, आजच तर फुटलीत! एवढ्या हौसेने उबवली, मला कशाला? गावाला निघालात का?"

"तसंच."

"कधी?"

"ते काही सांगितलं नाही तिने."

सुलाबाईंना नीट ऐकू आलं नाही. त्या टोपलीत वाकून पिल्लं मोजत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "कपाळाला काजळी लागलीय बघा तुमच्या. थांबा, पदराने पुसते."

जयराम एक पाऊल मागे सरला.

"राहू द्या," तो म्हणाला. "तिचं आजवर एकही चुकलेलं नाही."