पहिली कुणी नसते

लग्न ठरलेल्या मुलीनं एकटीनं भटकायचं नसतं, असं आईचं म्हणणं, आणि एकटीनं भटकण्याची ही शेवटचीच संधी, असं उयेनचं. तेव्हा रविवारच्या साखरपुड्याचा तांबडा रेशमी पोशाख होई आन गावच्याच शिंप्यांकडून शिवून आणते, या सबबीवर ती सायगॉनहून निघाली आणि त्या गावी नदीकाठच्या जुन्या गल्लीत, तीन म्हाताऱ्या भावंडांच्या घरी खोली घेऊन राहिली. शनिवारी दुपारचं विमान होतं. रविवारी सकाळी मुलाकडची माणसं सुपारीची तबकं घेऊन दारात येणार, त्याआधी घरी पोचायचं, एवढंच काय ते बंधन. बाकी उयेनला कशाची धास्ती वाटत नसे. बँकेत तिच्या हाताखाली चौदा माणसं होती आणि त्यातली निम्मी तिला घाबरून होती.

घर त्या गल्लीतल्या सगळ्या घरांसारखंच, पुढून अरुंद आणि मागं लांबत गेलेलं. रस्त्याकडे कंदिलांचं दुकान, मग उघडा चौक, त्यापलीकडे पूर्वजांच्या तसबिरी मांडलेली बैठक आणि तिच्या मागं राहत्या खोल्या. तिथं राहणारी ती तीन भावंडं म्हणजे ऐंशीची दुसरी मावशी, तिच्या पाठची तिसरी मावशी आणि पंचाहत्तरीचा चौथा मामा. पहिलं कुणी नव्हतं. तिकडे कुणाच्याच घरात नसतं. थोरल्या अपत्याला दुसरं म्हणायचं आणि पहिली जागा मोकळी सोडायची, म्हणजे थोरल्याला न्यायला जे येतं त्याच्या हाकेला कुणी ओ देत नाही. उयेनही आपल्या घरी जन्मापासून 'दुसरी'च होती, आणि माणूस आपल्या नावाचा विचार करत नाही तसा तिनंही या रीतीचा कधी विचार केला नव्हता.

शुक्रवारी दिवे लागताना ती चौघं बैठकीत बसून कंदिलांच्या कामट्या तासत होती. म्हणजे तासत होती ती तिघं. उयेनच्या हातात दोनदा कुसळ गेलं होतं.

"बँकवालीला जमायचं नाही ते," चौथा मामा म्हणाला. "तिथं शिपाई तासून देत असेल."

"तुमचा मघापासून एकच कंदील चाललाय, मामा. यंदाच्या नववर्षापर्यंत होईल ना?"

तिसरी मावशी खुदकन हसली, आणि त्याच वेळी दुकानाच्या बाजूनं, अर्ध्या लावलेल्या फळ्यांपलीकडून, कुणीतरी विचारलं, "पहिली आहे का घरात?"

आवाज बाईचा होता, आणि शेजारणीनं वाटीभर मीठ मागावं इतका साधा. तिसऱ्या मावशीचं हसू मात्र तिथंच थांबलं. मामानं हातातली कामटी मांडीवर ठेवली. दुसरी मावशी खाली बघत राहिली. पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच अदबीनं.

"कोण आहे?" उयेननं विचारलं.

"कुणी नाही गं," दुसरी मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "विचारते आणि जाते."

"रोज?"

"आमची आई होती तेव्हाही यायची."

गल्लीतल्या एखाद्या भ्रमिष्ट बाईला ही तिघं जन्मभर भीत आली, याचं उयेनला हसू आलं आणि थोडी कीवही आली. "मग एकदा सांगून टाकायचं ना, म्हणजे मिटलं," असं म्हणून ती उठली, चौक ओलांडून फळ्यांपाशी गेली आणि काउंटरवर बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मी आहे पहिली. काय काम आहे?"

"बरं झालं," पलीकडून उत्तर आलं. मग चपलांचा आवाज नदीच्या दिशेनं निघून गेला. उयेननं वाकून पाहिलं, तर रस्त्यावर पर्यटकांचा घोळका होता, आणि त्यातली कोण ती, हे ओळखणं शक्य नव्हतं.

ती परतली तेव्हा तिघं उभी होती. आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या मावशीनं आपली खुर्ची पदराच्या टोकानं पुसावी तशी बाहीनं पुसली आणि तिच्यासाठी पुढं केली.

सकाळी दुसऱ्या मावशीनं दोन्ही हातांनी चहा आणून दिला. "ताई, चहा."

"मावशी, मी तुमच्या नातीच्या वयाची आहे."

"वयाचं काय घेऊन बसलीस, ताई."

नात्याच्या शाखेमुळं पोराला काका म्हणणारे म्हातारे उयेनच्या कुटुंबातही होते. तेव्हा ही गंमत असेल, असं धरून तिनं चहा घेतला. शिंपिणीकडे पोचली तेव्हा मात्र ती जरा गोंधळली. गुरुवारी "पोट आत घे गं" म्हणून चिमटा काढणारी ती समवयस्क बाई आज उठून उभी राहिली आणि गडद तपकिरी रेशमाचा, म्हाताऱ्या बायका घालतात तसा, सैल पोशाख तिच्यापुढं ठेवला.

"माझा तांबडा होता," उयेन म्हणाली.

"तो काल संध्याकाळीच तुमची धाकटी घेऊन गेली. तुम्हीच पाठवलंत ना? अगदी तुमच्यावर गेलीय हो."

वाद घालायला वेळ नव्हता. कुणीतरी चुकून नेला असेल, सायगॉनमध्ये दुसरा विकत मिळेल. उयेनची बुद्धी अशा वेळी भरभर चाले. तपकिरी पोशाख तिनं का घेतला, हे तिला सांगता आलं नसतं. वाटेत उभ्या उभ्या तिनं घरी फोन लावला.

"आई, तांबड्याचा घोळ झालाय, पण घाबरू नकोस. मी दुपारी निघतेय."

पलीकडे भांड्यांचा, माणसांचा आवाज होता. "कोण बोलतंय?"

"अगं, मी. दुसरी."

आई परक्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तशा मऊ स्वरात म्हणाली, "तुमचा नंबर चुकला असेल, ताई. आमची दुसरी सकाळीच आली. दमलीय, आत निजलीय. उठवू का?"

मागं धाकटा भाऊ कुणाला तरी चिडवत होता, आणि त्यावर जे हसू आलं ते उयेनच्या चांगल्या ओळखीचं होतं.

"नको," ती म्हणाली. "निजू दे तिला."

ती भावंडांच्या घरी परतली ती पिशवी उचलून विमानतळ गाठायचा, असा मनाशी निश्चय करूनच. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, फळ्या उघड्या होत्या, तिला कुणी अडवलं नाही. बैठकीत जेवण मांडलं होतं. भात, पालेभाजीचं पाणी, तळलेले मासे. तिघं हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मानाची खुर्ची रिकामी होती.

"निवतंय, ताई," तिसरी मावशी म्हणाली. "थोरल्यांनी घास घेतल्याशिवाय आम्ही कसं सुरू करायचं?"

उयेननं घड्याळाकडे पाहिलं. अजून पुष्कळ वेळ होता. दोन घास खाऊन निघू, असं म्हणून ती बसली, आणि बसताना गुडघ्यांवर हात टेकून बसली. तिनं जेवायच्या काड्या उचलल्या, तशी तिघं खाऊ लागली. मामा घाईघाईनं जेवत होता, ओठाच्या कडेला भाताचं शीत चिकटलं होतं.

"नीट जेव रे," ती म्हणाली.

आणि पंचाहत्तरीचा तो माणूस लाजून, खाली मान घालून, तोंड पुसू लागला.