मागाहून लावलेली पायरी

"पायरी कुठंय, भाऊजी?"

चार वर्षं हाडाची काडं करून चष्मेवाल्यानं थोरल्या भावाचा जुना ट्रक नवाकोरा केला, आणि तो बघायला आलेल्या वहिनींनी पहिला प्रश्न हा विचारला. रंगाचं नाव नाही, इंजिनाचं नाव नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून त्या चालकाच्या पलीकडच्या दाराशी थांबल्या आणि दाराखाली वाकून बघू लागल्या.

"कसली पायरी, वहिनी?"

"इथं होती ना. ह्या दाराखाली. लोखंडाची."

"हां, ती होय!" चष्मेवाला हसला. हसला, हेच वाईट झालं. "ती काढली की. कुणीतरी मागाहून ठोकलेली होती, वेडीवाकडी. कंपनीची नव्हती ती."

"कुणीतरी नाही हो," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी लावली होती. माझ्यासाठी."

शेडमध्ये आणखी दोघं होते, पेंटर आणि मास्तर. पेंटरनं हातातलं फडकं उगाच दुसऱ्या हातात घेतलं. मास्तर चष्मा पुसायला लागले. या तिघांचं हे रविवारचं खूळ. आठवडाभर एकानं लोकांचे डोळे तपासायचे, दुसऱ्यानं भिंती रंगवायच्या, तिसऱ्यानं पेन्शन खात वर्तमानपत्र वाचायचं, आणि रविवारी तिघांनी जुन्या अवजड गाड्यांखाली पाठ टेकून ग्रीस अंगाला फासून घ्यायचं. बायका म्हणायच्या, घरचा नळ गळतोय तो दिसत नाही, आणि कुठल्या मेल्या ट्रकचा पंप गळतोय म्हणून ह्यांना झोप नाही. खोटं नव्हतं ते.

पण खुळालाही नियम असतात. यांचा नियम मास्तरांनी घालून दिलेला: मूळचं ते ठेवायचं, मागाहूनचं ते काढायचं. गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा जे अंगावर होतं तेवढंच तिचं. बाकी आरसे, झालरी, जास्तीचे दिवे, कुणी ठोकलेले खिळेमोळे, सगळं उतरवायचं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक दिवा घेऊन चासीखाली शिरतात आणि एक परका बोल्ट दिसला तरी मार्क कापतात. त्यामुळे पायरी दिसल्या दिसल्या चष्मेवाल्यानं ग्राइंडर लावला होता. वेल्डिंग म्हणजे नुसते गोळेच गोळे होते. "कुठल्या आंधळ्यानं केलंय हे!" असंही तो तेव्हा म्हणाला होता. ते त्याला आता आठवलं आणि कानशिलं तापली.

"दादाला वेल्डिंग कुठं येत होतं?" त्यानं विचारलं.

"नव्हतंच येत. म्हणून तर वाकडी झाली." वहिनी मडगार्डावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी ही अशी ठेंगणी. तुमच्या ट्रकचं दार माझ्या डोक्याच्या वर. पहिल्यांदा ह्यांनी मला पोत्यासारखं उचलून आत टाकलं, तेव्हा हमाल फिदीफिदी हसले. मग मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पायरी लावून आले."

"पण तुम्ही ट्रकमध्ये... कधी?"

"दुपारी. तुम्ही शाळेत असायचा. मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची. वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागायची ना, तेवढा वेळ आम्ही केबिनमध्ये बसायचो. बोलत." त्या थोडं हसल्या. "घरात कुठं बोलणार? दोन खोल्या. एकीत सासू-सासरे, दुसरीत तुमचा अभ्यास. दिवा मालवला तर तुम्ही ओरडायचा."

चष्मेवाल्याच्या शिक्षणासाठी दादानं ट्रक हाकला हे त्याला ठाऊक होतं, ते त्यानं चारचौघांत सांगितलंही होतं. पण त्याच्या पुस्तकांपायी नवरा-बायकोला बोलायला रांगेतला ट्रक शोधावा लागला, हे त्याच्या गावीही नव्हतं. दादा जाऊन सहा वर्षं झाली. ट्रक घरामागं गंजत पडला होता. तो भंगारात द्यायचं चाललं तेव्हा वहिनी आडव्या आल्या होत्या. "एकदा मला त्यात बसायचंय, भाऊजी. मग हवं ते करा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर त्यानं इंजिन सुटं केलं, गिअरबॉक्स उघडला, स्प्रिंगच्या पाट्यांचा गंज उतरवला, केबिनचा पत्रा पत्र्याला भिडवला. आणि जिच्यावर पाय ठेवून त्या चढणार, तेवढी एक गोष्ट कापून फेकून दिली.

आता वेळही नव्हता. वहिनी पुढच्या आठवड्यात लेकीकडे निघाल्या होत्या, दूरदेशी, कायमच्या. घर रिकामं होत आलं होतं.

"स्टूल आणू का?" पेंटर हळूच म्हणाला.

"नको," वहिनी म्हणाल्या. "आज राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून चष्मेवाला भंगारवाल्याकडे गेला. तो माणूस मोठा हसतमुख. "चार वर्षांपूर्वीचं लोखंड? साहेब, ते आत्तापर्यंत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसलं असेल." तरी चष्मेवाला ढिगात शिरला. हातमोजे न घालता पत्रे उलथेपालथे केले, बोटं कापून घेतली, आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आला. शेडमध्ये त्यानं जुने फोटो काढले. कामाला हात लावण्याआधी गाडीच्या अंगाअंगाचे फोटो घ्यायचे, ही पण मास्तरांची शिस्त. रेडिएटरचे फोटो होते, ब्रेकच्या ड्रमचे होते, साध्या नटांचेही होते. पायरीचा एकही नव्हता. मूळची नव्हती ना ती.

मग तो वहिनींकडे गेला. स्वयंपाकघरात खोकी बांधून ठेवलेली होती.

"वहिनी, नवी करतो. अगदी तशीच. फक्त किती उंचीवर होती तेवढं सांगा."

"आता उंची काय सांगू? पाय आपोआप जायचा." त्यांनी टेबलाला धरलं. "थांबा, दाखवते."

त्यांनी उजवा पाय उचलला. वीतभर वर गेला आणि थांबला. त्यांनी ओठ दाबून आणखी उचलायचा प्रयत्न केला. गुडघा थरथरला, पाय खाली आला.

"ह्याच्या वर होती," त्या म्हणाल्या. "चांगली वर होती." पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच अडला.

"राहू द्या, वहिनी."

"म्हणजे बघा," टेबल न सोडता त्या म्हणाल्या, "ह्यांची पायरी असती तरी मला चढता आलं नसतं."

आणि त्या हसल्या. आपली चूक इतकी स्वस्तात सुटावी हे चष्मेवाल्याला सहन होईना. त्यापेक्षा वहिनींनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यानं खिशातली टेप काढली, खाली बसला, आणि म्हणाला, "पुन्हा एकदा उचला. जेवढा जाईल तेवढाच."

त्यानं फरशीपासून तळव्यापर्यंतचं माप घेतलं.

पायरी त्याच आठवड्यात झाली. एक नाही, एकाखाली एक अशा दोन. "प्रदर्शनात मार्क कापतील," मास्तर म्हणाले. "मास्तर, तोंड आवरा," पेंटर म्हणाला. मास्तरांनी तोंड आवरलं आणि वेल्डिंग होईपर्यंत पट्टी स्वतःच्या हातांनी धरून ठेवली. चष्मेवाल्याचा हात सफाईचा, त्यामुळे सांधा सुबक आला. एकदा त्याच्या मनात आलं, मुद्दाम वाकडा करावा. पण मग स्वतःचीच लाज वाटली. दादाच्या वाकडेपणाची नक्कल करून काय मिळणार होतं?

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक वहिनींच्या दारात येऊन उभा राहिला. शेजारीपाजारी गोळा झाले. वहिनींनी एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, दाराच्या दांडीला धरलं आणि कुणाचाही हात न घेता आत जाऊन बसल्या. पेंटरनं टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याला धन्य वाटलं. आता इंजिन चालू करायचं, गिअर टाकायचा, वजनकाट्यापर्यंत एक फेरी. चार वर्षं रोज रात्री डोळे मिटताना तो हीच फेरी मारत आला होता. दादाच्या जागी आपण, शेजारी वहिनी. दादानं त्याला एकदाही स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. "तू पुस्तक धर," म्हणायचा. तेवढ्यापुरतं तरी दादा जवळ येईल असं त्याला वाटत होतं. कुणाला बोलला नव्हता तो हे.

तो वळसा घालून गेला, चालकाचं दार उघडलं, एक पाय वर टाकला.

"भाऊजी," वहिनींनी रिकाम्या सीटवर हात ठेवला होता. "तुम्ही जरा खालीच थांबता?"

"फेरी मारायची ना, वहिनी?"

"नको. अशीच उभी राहू दे. रांगेत असल्यासारखी."

त्यानं पाय खाली घेतला. दार लावलं. मंडळींना हातानंच मागं सरा म्हणून खुणावलं आणि स्वतः मडगार्डाला टेकून उभा राहिला. काच अर्धी उघडी होती. वहिनी काहीतरी बोलत होत्या. सामान बांधून झालं, लेकीकडे थंडी फार आहे म्हणतात, गुडघा बरा आहे, असलंच. चष्मेवाला लांब जायला निघाला, कारण ते ऐकणं बरं नव्हतं. तेवढ्यात आतला आवाज खाली आला, एखाद्याची बाजू घेताना बायका बोलतात तसा.

"आणि हे बघा, पायरीवरनं त्याला काही बोलू नका हं. त्याला माहीत नव्हतं. लहान आहे तो."

बासष्ट वर्षांचा चष्मेवाला मडगार्डावर डोकं टेकून, सगळ्या गल्लीदेखत, मोठ्यानं रडला.