घासूनपुसून लख्ख केलेला हंडा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. माझ्या पोटात सफरचंदाचा आंबवलेला रस उकळायचा, वाफ मानेतून पुढे जायची आणि नळीच्या टोकाशी थेंब थेंब दारू गळायची. दारूचं नाव काढताच नाकं मुरडू नका. त्या थेंबांवर एक घर उभं होतं.

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. करखात्याच्या माणसानं माझ्या खांद्यावर नंबराचा ठसा मारला. माझा धनी तेव्हा ऐन तरुण होता. दर हंगामाआधी तो राख आणि आंबट रसानं मला घासायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "बघ, नवरदेव झालास!" मी खूश व्हायचो. खोटं कशाला बोलू?

आमचं गाव डोंगरात. अर्धं वर्ष बर्फानं वाट बंद. बाटल्या खेचरांवरून खाली जायच्या, त्यातल्या निम्म्या वाटेतच फुटायच्या. कर मात्र सपाटीवरच्या मोठ्या कारखान्याइतकाच. एकेक करून शेजारच्या भट्ट्या थंडावल्या. माझे सोबती मोडीत गेले.

मग एके दिवशी बातमी आली. दुर्गम भागातल्या जुन्या, छोट्या भट्ट्यांना दारूवरच्या करात सूट मिळणार होती. धन्याला एकुलती एक लेक. आई गेल्यापासून तीच त्याच्याबरोबर भट्टी सांभाळायची.

"बाबा, सूट मिळाली तर मी इथेच राहते," ती म्हणाली. "नाहीतर मला कारखान्यात बाटल्या धुवायला जावं लागेल. दुसरा इलाज नाही."

तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर धन्याच्या अंगात वारं शिरलं. दोन दिवस तो मला घासत होता. राखेनं भागेना, तेव्हा त्यानं वाळू घेतली. त्याची नजर अधू झालेली. वर्षानुवर्षं घासून माझ्या खांद्यावरचा ठसा आधीच पुसट झाला होता. आता उरलासुरलाही जातोय, हे मला कळत होतं. अरे थांब, म्हणावंसं वाटलं. पण मला मान आहे, तोंड कुठलं?

साहेब आला. भला माणूस होता. त्यानं माझ्या खांद्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काका, नंबर कुठे आहे?"

धन्यानं चष्मा चढवला. "इथेच होता. परवापर्यंत होता."

"ठसा नसला तर हा हंडा नवा धरतात. सूट जुन्यांनाच आहे आणि नोंदणीची मुदत आज संपते. मला वाईट वाटतं हो, पण माझे हात बांधलेले आहेत."

धनी माझ्या खांद्यावर नंबर चाचपत राहिला. लेक त्याच्यावर रागावली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "असू द्या, बाबा. किती छान चमकवलात."

चार दिवसांनी ती खाली कारखान्यात बाटल्या धुवायला गेली.

आता मी हिरवा पडत चाललोय. धनी रोज येतो, विझलेल्या चुलीपाशी बसतो, दोन्ही हात काखेत दाबून. मित्रांनो, जिवापाड जपताना तुमच्या घरात कुणाच्या हातून काही बिघडलं, तर त्याला रागावू नका. पण तेवढ्यावर थांबूही नका. त्याचा हात धरा, पुन्हा कामाला लावा. माझ्या धन्याला कुणी रागावलं नाही, तरी तो मला आता हातही लावत नाही.