एकवीस दिवस पाय ठेवायचा नाही

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात जवळच्या राजपुरा वस्तीतल्या तीन मुली आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "बाई, आता आम्ही कुठे यायचं?" मी म्हटलं, "इथेच या." त्याला अकरा वर्षं झाली. मुलं बदलत गेली, जागा तीच राहिली. सकाळी साडेसहा ते आठ, आमच्या अंगणात.

पाट्या नव्हत्या, बाकं नव्हती. अंगणातली जमीन सारवून आणि चोपून मी घट्ट केली होती. तिच्यावर तापीची बारीक वाळू पसरायची आणि बोटाने लिहायचं. चुकलं तर तळहाताने पुसायचं. वहीत खोडलेलं दिसत राहतं, वाळूत दिसत नाही. म्हणून मुलं चुकायला घाबरत नसत.

दुसरी गोष्ट वाचनाची. या मुलांच्या घरी पुस्तकं नसतात, पण छापलेला कागद नाही असं घर नसतं. रोज एकाने घरून काहीतरी छापलेलं आणायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. बिस्किटाचा पुडा, लग्नाची पत्रिका, खताच्या पिशवीचा तुकडा, काहीही चालतं. आमचं गाव सीमेवरचं, मराठी असो की हिंदी, अक्षर तेच. वाचून झालं की माझा प्रश्न ठरलेला असे, "हे कोण म्हणतंय? नाव शोधा." ज्याचं नाव छापलंय, त्याचा तो शब्द. त्याने तो पाळला पाहिजे. मुलांना हे पाठ होतं.

यंदा नऊ मुलं होती. कोणाचे वडील पावरलूमवर, कोणाचे केळीच्या गाड्या भरायला. एप्रिल संपत आला होता. एका संध्याकाळी माझा मुलगा नीलेश चहा पिता पिता म्हणाला, "आई, अंगणात लॉन लावू या?"

"या उन्हात?"

"आता तयार रोल मिळतात. सतरंजीसारखे अंथरायचे. तुझी मुलं मातीत बसतात, वर्षभर खोकत असतात. गवतावर बसतील."

"मग पाऊस लागला की लाव. आपोआप धरेल."

"जूनच्या आधी हिरवं झालं पाहिजे," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "मुलांसाठीच करतोय, आई."

जूनच्या आधी का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण या पोराने माझ्या वर्गाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. लहानपणी तो चिडून म्हणायचा, तुला शाळेतली मुलं पुरत नाहीत का. आज त्याला त्यांचा खोकला ऐकू आला, यातच मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना सांगून टाकलं. तुमच्यासाठी गवत येतंय.

गवत लावायला इच्छापुरचा सुपडू आला. आयुष्यभर केळीची रोपं लावलेला माणूस. आता एका नर्सरीच्या कामावर होता. त्याने पहिली कुदळ मारली आणि ती उलटी उडाली.

"माय, जमीन हाये का सिमेंट? कोनं ठोकली इतकी?"

"मीच. अकरा वर्षं."

तो थांबला. "मंग फोडू ना? नंतर नको म्हनसान."

"फोड," मी म्हटलं. त्याआधी वरची बारीक वाळू मी झाडूने गोळा केली आणि एका गोणीत भरून जिन्याखाली ठेवली. टाकवत नव्हती, इतकंच.

दोन दिवस खणणं चाललं. खडे वेचले, शेणखत मिसळलं, लाकडी फळीने जमीन सारखी केली. रोल टेम्पोतून ओल्या पोत्यांत गुंडाळून आले. सुपडूने ते ऊन उतरल्यावरच उघडले. विटांची भिंत रचतात तसे सांधे चुकवून एकेक पट्टी अंथरली, वरून जड पिंप फिरवलं आणि लगेच भरपूर पाणी दिलं. दिवे लागायच्या आत अंगण हिरवं झालं. मुलं फाटकाबाहेर रांगेने उभी होती.

सुपडूने त्यांनाच सांगितलं, "एकवीस दिस पाय ठेवायचा नाही. दिवसातून दोन टाइम पानी. सांधे वाळू द्यायचे नाही, तिथूनच मरते हे. अन् पाह्यचं असीन धरलं का नाही, तर हा कोपरा उचला. अलगद उठला तर पाहुना हाये. नाही उठला तर घरचा झाला."

एकवीस दिवस आमचा वर्ग फाटकापासून पायरीपर्यंतच्या सिमेंटच्या अरुंद वाटेवर भरला. मुलं एकामागे एक बसत, आगगाडीसारखी. मी सांगितलं, "एकविसाव्या दिवशी सगळ्यांनी चपला काढायच्या आणि आत यायचं. आधी अनवाणी चालायचं, मग बसायचं. गवतावर पहिला पाय तुमचा."

"पक्का, बाई?" सायलीने विचारलं. ती नऊ वर्षांची. गेल्या वर्षापर्यंत तिला दोन अक्षरं जोडता येत नव्हती.

"पक्का."

नळाला दिवसाआड पाणी येत होतं. टाकीचं पाणी घराला पुरायचं, गवताला पुरत नव्हतं. ही अडचण मी मुलांना गणित म्हणून घातली आणि उत्तर त्यांनीच काढलं. प्रत्येकाने घरून येताना एक बाटली आणायची आणि वाटेवरूनच हात लांबवून आपापल्या सांध्यावर ओतायची. सायलीचा सांधा डाळिंबाच्या झाडाजवळचा, तिची बाटली निळी. रितेशला फाटकाजवळचा मिळाला. तो सांध्यावर पाणी ओतताना म्हणे, "पी रे बेटा, पी," आणि बाकीची हसून लोळत.

दुपारचं ऊन भयंकर. रितेशचे वडील भाईदास केळीच्या मळ्यात कामाला. त्यांनी मोठी पानं पाठवली. नवीन रोपावर इकडे सगळे तसंच पान टाकतात. मुलं अकरा वाजता वाटेवरूनच काठीने गवतावर पानं पसरत आणि चारला काढून घेत. एकदा कोणीतरी एक पान विसरलं, ते दोन दिवस तसंच राहिलं. खाली पानाच्या आकाराचा फिकट पिवळा डाग पडला. माझी सून चारुलता तो बघून कधी नव्हे ती चिडली.

"आई, हे काय झालं? फोटो काढायचे होते मला."

"कसले फोटो?"

"असेच. ठेवायला."

मी मुलांना जमवून झाडाला ऊन का लागतं ते शिकवलं. गवत झाकलं की काय होतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नसतं. डाग आठवड्यात भरून आला. मग एका सकाळी चारुलताने खरंच फोटो काढले. मुलं पाणी घालत होती. रितेशने बाटलीतलं अर्धं पाणी आपल्या केसांना लावून भांग पाडला.

"गवताचं पाणी चोरतोस," सायली म्हणाली.

"गवताचा फोटो कोन बघतो? माझा बघतील."

एकोणिसाव्या दिवशी वाचायची पाळी सायलीची होती.

"काय आणलंस आज?"

"पेपरातून पडलं, बाई. शेजारच्या काकूंनी दिलं. चिकना कागद आहे."

ती उभी राहिली आणि बोट ठेवून वाचू लागली. "नन्हे… कदम… प्ले स्कूल. इंग्लिश मीडियम. प्रवेश प्रारंभ." 'प्रवेश' आणि 'प्रारंभ' तिने न अडखळता वाचलं. मी म्हटलं, "शाबास."

"बच्चे हरे-भरे लॉन में… खेल-खेल में… सीखेंगे." तिने श्वास घेतला. "से… सेवा…"

"तोड. से-वा-नि-वृत्त."

"सेवानिवृत्त शिक्षिका… वैजयंती मैडम के… मार्गदर्शन में."

"बाई, तुमचं नाव!" रितेश ओरडला.

मी कागद मागितला, पण सायलीने तो सोडला नाही. ती चित्र बघत होती. "बाई, हे आपलं गवत आहे. हे डाळिंब. ही माझी बाटली."

मुलं तिच्या खांद्यावरून वाकली. चित्रात आमचं अंगण होतं. डाळिंबाजवळ निळी बाटली उभी होती. तिच्या शेजारी गुलाबी फ्रॉकमधली, केसांना फीत लावलेली एक गोरी मुलगी हसत होती. ती मुलगी या गावात कोणी पाहिली नव्हती.

"इथे मी होते," सायली म्हणाली. "मला काढलं. बाटली ठेवली."

"केस विंचरून आली नव्हतीस, म्हनून," रितेश म्हणाला.

"तू तर आला होतास. तू कुठे आहेस?"

रितेश कागदाच्या चारी कोपऱ्यांत स्वतःला शोधत राहिला. खाली आमच्या घराचा पत्ता होता आणि नीलेशचा मोबाइल नंबर. मी मुलांना त्या दिवशी अर्धा तास आधी घरी पाठवलं. अकरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

दुपारी नीलेश जेवायला आला, तेव्हा मी कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने चारुलताकडे बघितलं. तिने पोळी तव्यावर टाकली आणि पाठ फिरवली.

"सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"एकदा ॲडमिशन झाल्या की. तू उगाच जिवाला लावून घेतेस. चारू बी.एड. आहे, किती वर्षं घरी बसायचं तिने? जागा आपली आहे, अंगण आहे."

"चारुलताने शाळा काढायला माझी ना नाही. मला विचारलं असतंस तर मी तिच्याबरोबर वर्ग झाडून दिला असता. तू काय म्हणाला होतास? मुलांसाठी करतोय."

"मुलांसाठीच आहे ना, आई."

तो खरंच तसं समजून बोलला. मला सगळ्यात जास्त तिथे दुखलं. लबाडी केली असं त्याला वाटतच नव्हतं.

"आणि माझी मुलं?"

चारुलता बोलली, हळू, समजावणीच्या सुरात. "आई, त्यांना मागे टाकीजवळ बसवू या ना. किंवा संध्याकाळी. सकाळी पालक येतील, बघतील… तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते."

"कळतंय. रोज नऊ बाटल्या पाणी घातलेलं चालतं, बसलेलं दिसायला नको."

"असं नाही हो, आई."

"माझं नाव कोणी घातलं?"

"मी," नीलेश म्हणाला. "गावात तुझं नाव घेतलं की लोक डोळे झाकून मुलं पाठवतात. तुलाच मान दिला त्यात."

मी माझं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. माझं जेवण व्हायचं होतं, हे मागाहून लक्षात आलं.

विसाव्या दिवशी मी मुलांना खरं सांगितलं. गोड करून सांगायचं मला जमत नाही. मुलांना ते लगेच कळतंही. गवत दुसऱ्या शाळेसाठी आहे, मला हे माहीत नव्हतं, इतकंच सांगितलं.

मग सायलीने विचारलं, "पण बाई, खाली नाव तुमचं होतं ना?"

"मला न विचारता छापलं."

"पण ज्याचं नाव, त्याचा शब्द. तुम्हीच सांगता."

ती उलट बोलत नव्हती. शिकवलेलं बरोबर लावून बघत होती. चाळीस वर्षं वर्गात मी अशा मुलाची वाट बघितली. आज ते मूल माझ्यासमोर बसलं होतं, आणि मला त्याच्याकडे बघता येत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी नऊपैकी सहा मुलं आली. कोणाच्याच हातात बाटली नव्हती. मी फाटक उघडून धरलं. "चपला काढा. आत या. मी सांगितलं होतं ते सांगितलं होतं."

कोणी चपला काढल्या नाहीत. रितेशने एक पाय पुढे केला, सायलीकडे बघितलं आणि मागे घेतला. सायली वाटेवरूनच खाली बसली. सुपडूने दाखवलेला कोपरा तिने दोन बोटांत धरला आणि ओढला. मग पूर्ण मुठीने ओढला. गवताची पाती तिच्या हातात आली, कोपरा जागचा हलला नाही.

"धरलं, बाई," ती म्हणाली आणि हात फ्रॉकला पुसला.

चारुलता दारात आली होती. "आई, आज पाणी घातलं नाही का कोणी? साडेनऊला दोन पालक यायचेत."

मी घरात जाऊन तो गुळगुळीत कागद आणला आणि वाटेवर बसून त्याच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. सायलीला दिला. "वाच. तुझी पाळी परवा अर्धी राहिली."

तिने बोट ठेवून वाचलं, "या शाळेशी माझा संबंध नाही. वैजयंती."

"हे कोण म्हणतंय?"

"तुम्ही," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं.

रितेशने कागद फाटकाच्या सळईत खोचला. अक्षरं रस्त्याकडे आली की नाही, ते त्याने बाहेर जाऊन तपासलं. दारातून चारुलताने नीलेशला हाक मारली. तो आतून येईपर्यंत मी जिन्याखालून वाळूची गोणी वाटेवरून फाटकापर्यंत ओढत आणली. ती मला एकटीला उचलेना.

"बाई, आता आम्ही कुठे यायचं?" सायलीने विचारलं.

अकरा वर्षांपूर्वी याचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"आधी गोणी धरा," मी म्हटलं. "दोघं त्या बाजूने."