चिमूटभर चिखल

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आमच्या लॅबमधली चिझुरूताई माहितेय ना, डोंगरातल्या गरम झऱ्याच्या चिखलामागे लागलेली? त्यातले जंतू बशीत वाढतच नाहीत. वाट्टेल ते खायला घाला, ढिम्म. म्हणून ती चिखल सगळा एकत्रच कुटते, त्यातले डीएनएचे तुकडे वाचते आणि कॉम्प्युटरवर जुळवत बसते. फाडलेल्या चिठ्ठ्या पोत्यात कालवल्यात आणि आता लावा जोड्या, तसं. तर त्यात एक जंतू असा निघाला की त्याचं जगात कुणाशी नातंच लागेना. आठवडाभर ताई हवेत.

मग रिकाम्या नळीनं घात केला. म्हणजे चिखलाबरोबर आम्ही दर वेळी एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची चालवतो, तिच्यात काही सापडायला नको. सापडला, तोच. थोडासाच, पण तोच. आता हा चिखलातून पाण्यात उडाला, की आमच्याच रसायनांतून आला आणि झऱ्यात कधी नव्हताच? सर म्हणाले, नवा चिखल आणा, पुन्हा करा, तोवर कुठे बोलू नका.

झरा सांभाळतात कुरोकीआजोबा. ताईनं त्यांना आदल्या दिवशी फोन केला, उद्या येतोय म्हणून. तिथेच चुकलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आजोबा स्वस्थ बसतायत होय? आम्ही पोचलो तर कुंड उपसून, दगड न् दगड ब्रशनं घासून, कपारींत ब्लीच ओतून, धुऊन, परत भरून लख्ख. काठावर घडी घातलेले टॉवेल.

"मागच्या वेळी फार घाण होतं, पोरींनो," म्हणाले. "मला लाज वाटली."

ताईकडे बघायची माझी हिंमतच होईना. ती कमरेत वाकली, आभार मानले, आणि मग आम्ही दोघी अंग घासून त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलो. दुसरं काय करणार? झऱ्यात उकडलेली अंडीपण खाल्ली.

आता उरला होता लॅबच्या फ्रीजमधला जुना चिखल, चिमूटभर. एका वेळेपुरता. त्यातला डीएनए वाचला तर जंतू खरा की खोटा ते कळणार, पण वाचायचा म्हणजे कुटायचाच. ठेवला, तर पुढेमागे कुणाला तो वाढवता येईलही.

मी म्हटलं, ताई, ठेव गं.

"आणि नसलाच, तर काय वाढवायचं?" ती म्हणाली. आणि कुटला.

होता गं. भरपूर होता, आणि या वेळी पाण्याची नळी कोरी. सर चक्क हसले. ताई मात्र स्क्रीनवरच्या अक्षरांच्या रांगेकडे बघत बसली, कारण आमच्याकडे आता तो तेवढाच उरलाय, अक्षरांत. कपारीत खोल कुठे वाचला असेल तर असेल.

त्यात आजोबांचा फोन. कुंड आवडलं ना, पुढच्या वेळीही आधी कळवून या हं. ताई "हो" म्हणाली.

मला अजून वाटतं, ठेवायला हवा होता. पण मग आहे की नाही तेच कळलं नसतं. खरं सांग, तू काय केलं असतंस?