महालक्ष्म्यांपुढची पलटण

हौस संपली की ते कुणाला कळवायचं असतं, मला माहीत नाही. माझी संपली तेव्हा मी पुण्यात होतो, दमलेलो होतो आणि कुणी विचारलंही नाही.

भोकरदनच्या घरी मात्र ती हौस थाटात चालू होती. वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या बाहुल्या. कुणी पंखवाला राक्षस, कुणी तलवार उपसलेला बेडूक. प्रत्येकीच्या बैठकीत एक चिप. व्हिडिओ गेमच्या प्लेटवर बाहुली ठेवली की ती टीव्हीच्या पडद्यावर उड्या मारायला लागायची. कॉलेजात असताना मी त्यांच्यापायी खुळा झालो होतो, नोकरी लागल्यावर कपाट भरलं. एका वर्षी आईनं त्या सगळ्या महालक्ष्म्यांच्या आरासीत पायऱ्यांवर मांडल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बघतच राहिल्या आणि माझ्या गळ्यात कायमचं लोढणं पडलं. कारण आमच्या घरात महालक्ष्म्यांपुढं एकदा मांडलेलं पुन्हा मोडत नाहीत. वर दरवर्षी एक नवी भर लागते.

"यंदाचा गडी कोणता?" श्रावण लागला की आईचा फोन यायचा. कंपनीनं तो खेळ केव्हाच गुंडाळला होता. मग मी इंटरनेटवरच्या जुन्या बाजारात कुणा अनोळखी माणसाशी घासाघीस करत बसायचो. खोकं आलं की ते फोडणंसुद्धा जिवावर यायचं. तसंच बॅगेत टाकून गावी न्यायचो.

यंदा मात्र ठरवून गेलो होतो. संभाजीनगरचं एक गिऱ्हाईक सगळा संच घ्यायला तयार होतं. महालक्ष्म्या उठल्या की परत जाताना त्याच्या हवाली करायचा आणि मोकळं व्हायचं. अवघड होतं ते आईला सांगणं. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. माझ्या या हौसेचं तिला भारी कौतुक आहे, असं मी धरून चाललो होतो. तिचं उतरलेलं तोंड मला बघवलं नसतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आई मुखवटे पुसून डब्यात ठेवत होती. मी जुना गेम टीव्हीला जोडला. गिऱ्हाइकाला प्रत्येक बाहुली चालू असल्याचा व्हिडिओ हवा होता.

"काय करून राह्यला रे?" आईनं विचारलं.

"बघतोय, चालतेत का."

राक्षस ठेवला. पडदा ढिम्म. बेडूक ठेवला, तेच. वायर हलवली, मनातल्या मनात शिव्या घातल्या, यंदाची कोरी बाहुली ठेवून पाहिली. काही नाही. शेवटी बेडूक उलटा केला तर बैठकीच्या बरोबर मधोमध भोक. चिप असते तिथंच. राक्षसालाही भोक. सगळ्यांनाच.

"आई, ही भोकं कशाची?"

"मीच पाडलीत. सळई तापवून." ती सहज म्हणाली. "महालक्ष्म्यांपुढं काही आडवं पडू नये. अन् तुझे गडी जरा धक्का लागला की कोलमडायचे. मंग पायरीला खिळे मारले, त्याच्यावर बसवते एकेकाला. पहिल्या वर्षापासनं तसंच."

पहिल्या वर्षापासून. म्हणजे इतकी वर्षं ही पलटण मेलेलीच होती आणि मी एकदाही एखादी प्लेटवर ठेवून पाहिली नव्हती. राग यायला हवा होता. आला नाही, नुसता थकवा आला.

"आता चालत न्हाईत का?" तिनं हातातला मुखवटा खाली ठेवला.

"न्हाई. पण मलाच त्यांचं काही वाटत न्हाई आता. विकायलाच निघालो होतो." बोललो एकदाचं. "लई दिवसांपासनं कंटाळलोय, आई."

मी वर पाहिलंच नाही.

"मंग सांगायचं न्हाई का आधी?" ती म्हणाली. "मला कुठं आवडतेत ते? त्या पंखवाल्याकडं बघून तर भ्या वाटतं. सळईनं दरवर्षी हात भाजतो. म्हणलं, पोराची हौस, कशाला मोडा."

मला हसू फुटलं. "मंग बंद करू. दोघांच्याही डोक्याचा ताप जाईल."

ती हसली नाही. मुखवट्यावरचं कुंकू तिनं पुसून काढलं आणि पुन्हा पुन्हा तीच जागा पुसत राहिली.

"दिवाळीत तर तुला सुट्टी मिळत न्हाई," ती म्हणाली. "गडी घेऊन यायचं असतं म्हणून तू महालक्ष्म्यांना तरी येतो. गडीच बंद झाले, मंग येशील का?"

येईन की, असं म्हणणार होतो, पण ते खोटं ठरलं असतं. जालन्यापर्यंतचा प्रवास, पुढची बस, आल्यावर दोन दिवसांत परतायची घाई. नुसतं यायचं म्हणून मी यातलं काही केलं नसतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी मोबाइल काढला आणि गिऱ्हाइकाला जमणार नाही म्हणून कळवलं.

"एक घ्यायचा राहिलाय," मी आईला म्हणालो. "मिळाला तर पुढच्या वर्षी घेऊन येतो."

"आण," ती म्हणाली. मुखवटा डब्यात ठेवून तिनं विचारलं, "त्याला भोक पाडू का?"

"पाड," मी म्हणालो.